मुलांच्या फीसाठी घर घ्या, पण विकायच्या बोलीवर नको

प्रश्न थोडक्यात असा. मोठं मूल तीन वर्षांचं आहे, धाकटं नुकतंच जन्मलंय. किमतीचा चौथा हिस्सा हाताशी आहे. एक घर घेऊन भाड्याने द्यायचं, हप्ता कमी बसतो म्हणून कर्ज वीस वर्षांचं काढायचं, मोठं मूल अठरा वर्षांचं झालं की घर विकायचं आणि त्या पैशात दोघांचं कॉलेज करायचं. ही योजना बरोबर आहे का?

घर घेण्याचा विचार चुकीचा नाही. पण दोन गोष्टी बदला. कर्ज वीसऐवजी पंधरा वर्षांचं काढा, आणि फीची भिस्त घराच्या विक्रीवर ठेवू नका. मुलांच्या शिक्षणखर्चाची आखणी करून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. घर घेतलं म्हणून पस्तावलेले पालक मला क्वचितच भेटले. चुकीच्या वर्षी विकावं लागलं म्हणून, किंवा मूल कॉलेजात गेलं तरी हप्ते संपले नव्हते म्हणून हळहळणारे मात्र खूप भेटले.

आधी विक्रीचं बघू. कॉलेजचा खर्च एकदम येत नाही. तीन-चार वर्षं, दर सहामाहीला, शिवाय राहण्या-जेवण्याचा महिन्याच्या महिन्याला येतो. घर मात्र एकदमच विकावं लागतं. पहिल्या सहामाहीच्या फीसाठी घराची एक खोली विकता येत नाही. त्यातून फी भरायची तारीख कॉलेज ठरवतं आणि विक्रीची तारीख घेणारा, त्याची बँक आणि त्या बँकेचा वकील ठरवतात. या दोन तारखा आपसूक जुळत नाहीत.

माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याचं उदाहरण सांगतो. मुलीला प्रवेश मिळाला होता, घराचा सौदा ठरला होता, बयाणाही घेऊन झाला होता. घेणाऱ्याच्या बँकेच्या वकिलाने मंजूर नकाशा मागवला. गॅलरी बंद करून काढलेली छोटी खोली त्यात कुठेच नव्हती. आधीच्या मालकाने केलेलं काम, यांनी घर तसंच घेतलेलं. बँकेने कर्ज थांबवलं. घेणारा म्हणाला, मी थांबतो, पण भाव कमी करा. इकडे फीची तारीख तोंडावर आलेली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसं त्यांना भाव सोडावा लागला. घराने इतक्या वर्षांत कमावलेल्यातला मोठा वाटा त्या एका महिन्यात गेला. त्यांना विकायची घाई नसती तर तोच घेणारा दोन महिने थांबला असता, नाहीतर दुसरा कोणी मिळाला असता.

हा झाला एका घराचा प्रश्न. अख्खा बाजारच बसतो तेव्हा काय होतं तेही बघा. अमेरिकेत घरांचे भाव 2006 मध्ये शिखरावर होते. तिथून 2012 पर्यंत देशभराची सरासरी चौथ्या हिश्शाहूनही जास्त घसरली. आयर्लंडमध्ये 2007 ते 2013 या काळात भाव जवळपास निम्म्यावर आले. जपानमध्ये 1991 नंतर जमिनीचे भाव दीड दशक उतरत राहिले. भाव पुन्हा वर येतात हे खरं, पण अठराव्या वर्षी कॉलेजला निघालेल्या मुलाला बाजार सावरेपर्यंत घरी बसवता येत नाही. निवृत्तीसाठी घेतलेलं घर तुम्ही पाच वर्षं उशिरा विकू शकता. शिक्षणाच्या खर्चात ती सवलत नाही, म्हणून विक्री हा शेवटचा पर्याय ठेवायचा, पहिला नाही.

मग घर उपयोगी कसं पडतं? मूल अठरा वर्षांचं होण्याआधी कर्ज फिटलं तर. त्या दिवसापासून भाडं मोकळं होतं आणि हप्त्यासाठी खिशातून जाणारे पैसेही मोकळे होतात. हे दोन्ही मिळून दर महिन्याला येतात, म्हणजे कॉलेजचा खर्च जसा येतो तसेच. तुमच्या योजनेतली सगळ्यात महत्त्वाची तारीख शेवटच्या हप्त्याची आहे.

आकड्यांत मांडतो. घराची किंमत 100 धरा, कर्ज 75, व्याज 8 टक्के. वीस वर्षांची मुदत घेतली तर वर्षाचा हप्ता साधारण 7.5 बसतो, पंधरा वर्षांची घेतली तर 8.6. म्हणजे हप्ता सुमारे 14 टक्क्यांनी जास्त. आता तुमचं मोठं मूल अठरा वर्षांचं होतं त्या दिवशी काय असेल ते पाहा. पंधरा वर्षांचं कर्ज शून्य झालेलं असतं. वीस वर्षांच्या कर्जात मुदतीचा पाऊण भाग संपलेला असतो, पण 75 पैकी 31 अजून देणं असतं. सुरुवातीची वर्षं हप्त्यातला बहुतेक पैसा व्याजात जातो, त्यामुळे असं होतं. एकूण व्याजातला फरक पाहिला तर एकीकडे 54 आणि दुसरीकडे 75 च्या थोडं वर. बँकेकडून दोन्ही मुदतींचे हप्त्यांचे तक्ते मागून घ्या आणि मूल अठरा वर्षांचं होईल त्या महिन्याची ओळ शोधा. तेवढी एक ओळ पाहून अनेकांनी मुदत बदलली आहे.

इथे एक खाचखळगा आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. व्याजदर बदलता असेल आणि तो वाढला, तर पुष्कळदा बँक हप्ता तोच ठेवून मुदत लांबवते. दरमहा तेवढेच पैसे जात असल्यामुळे घरात कोणाला काही जाणवत नाही. वरच्याच उदाहरणात सुरुवातीलाच दर 8 वरून 9.5 टक्क्यांवर गेला आणि हप्ता तोच राहिला, तर 180 हप्त्यांचे सुमारे 224 होतात. म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त, जवळजवळ अख्खी पदवी. म्हणून दर वाढल्याचं पत्र आलं की बँकेत जाऊन लेखी सांगा, मुदत तीच ठेवा, हप्ता वाढवा. ते झेपत नसेल तर वर्षातून एकदा थोडी रक्कम मुद्दलात भरा. दरवर्षी एकदा तरी कर्जाचं विवरण काढून शेवटच्या हप्त्याचा महिना तपासत जा.

आता भाड्याकडे येऊ, कारण आशावाद सगळ्यात जास्त इथेच असतो. समजा वर्षाचं भाडं किमतीच्या 3 टक्के आहे. 100 च्या घराला 3. वर्ष अकरा महिन्यांचं धरा, कारण भाडेकरू बदलताना घर रिकामं राहतं. उरले 2.75. त्यातून देखभाल, मालमत्ता कर, रंग, नळ-वायरिंगची कामं, दलाली, विमा यांसाठी पाचवा हिस्सा काढा. उरले 2.2. हप्ता 8.6. म्हणजे पहिल्या वर्षी 6.4 तुमच्या पगारातून जाणार. भाडेकरू कर्ज फेडतो असं लोक सहज बोलून जातात, पण या आकड्यांत पहिल्या वर्षी तो जेमतेम पाव हिस्सा फेडतो. बाकीचं कर्ज तुम्ही फेडता. हे मान्य करूनच पुढे जा, म्हणजे तिसऱ्या वर्षी दम लागणार नाही.

भाडं दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढलं तर पंधरा वर्षांनी ते 2.2 निव्वळ भाडं 4.6 च्या आसपास पोहोचतं. शेवटच्या वर्षी हप्त्यासाठी खिशातून जाणारी तूट 4.2 वर आलेली असते. कर्ज संपलं की हे दोन्ही, मिळून 8.8, हातात येतात. आज एका मुलाच्या कॉलेजचा वर्षाचा खर्च 4 असेल आणि तो 7 टक्क्यांनी वाढत गेला, तर पंधरा वर्षांनी तो 11 होईल. म्हणजे पहिल्या वर्षीचा ऐंशी टक्के खर्च निघतो, घराची एक वीटही न विकता. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी वेगळी, लगेच मोडता येईल अशी बचत लागते. फी बहुधा भाड्याहून वेगाने वाढते, त्यामुळे ती फट पुढच्या वर्षांत थोडी रुंदावेल. पण ती भरून काढता येण्यासारखी फट आहे.

या आकड्यांवरून कोणी म्हणेल, मग घर तरी कशाला, तेच पैसे दुसरीकडे गुंतवू. हा प्रश्न रास्त आहे. सुरुवातीचे 25 आणि दरवर्षी खिशातून जाणारी तूट 7 टक्के परतावा देणाऱ्या ठिकाणी लावली तर पंधरा वर्षांनी 210 च्या जवळपास होतात. घराचा भाव 5 टक्क्यांनी वाढला तर ते 208 चं होतं, आणि त्यात मुद्रांक, नोंदणी, दलाली, विक्रीवरचा कर हे काहीच धरलेलं नाही. म्हणजे या आकड्यांत घर हरतं. कारण साधं आहे. 2.2 निव्वळ भाडं अधिक 5 भाववाढ, बेरीज 7.2, आणि कर्ज 8 ने घेतलंय. जिथे बेरीज कर्जाच्या दराखाली राहते तिथे कर्ज तुमच्या विरुद्ध काम करतं. हेच भाडं किमतीच्या 6 टक्के असतं तर निव्वळ 4.4 राहिलं असतं, बेरीज 9.4 झाली असती आणि कर्जाने तुमची बाजू घेतली असती. घर पसंत करण्याआधी ही एक बेरीज करा. दिसायला देखणं, पण भाडं नावापुरतं असलेलं घर या कामाचं नाही. साधं, लहान, रिकामं न राहणारं घर या कामाचं आहे.

तरीही आकड्यांत बरोबरी असली तर मी काही कुटुंबांना घरच सुचवतो. त्याचं कारण हप्त्याची सक्ती. गुंतवणूक खात्यातले पैसे गाडीसाठी, लग्नासाठी, फिरायला जाण्यासाठी मोडले जातात, आणि ज्यांनी शिस्त पाळायची मनापासून ठरवली होती त्यांचेही मोडले जातात. घराचा हप्ता चुकत नाही. स्वतःला ओळखा. दर महिन्याला न चुकता गुंतवणूक करणारे आणि बाजार पडला तरी हात न लावणारे तुम्ही असाल, तर घराच्या भानगडीत पडू नका. तसे नसाल, तर घर तुमच्याकडून ती बचत करून घेईल, आणि त्यासाठी थोडा कमी परतावा मिळाला तरी मी तो सौदा चांगलाच मानतो.

करांचं थोडक्यात, कारण ते देशागणिक बदलतात. घराच्या विक्रीवर कर वाचवायच्या बहुतेक सवलती पैसा पुन्हा मालमत्तेत घातला तरच मिळतात. अमेरिकेत भाड्याच्या घराच्या नफ्यावरचा कर पुढे ढकलता येतो, पण दुसरी मालमत्ता घेतली तर. शिवाय तिथे भाड्याच्या घरावर 27.5 वर्षांत विभागून घसारा (घराच्या झिजेपोटी करातली वजावट) मिळतो, आणि विकताना त्या घसाऱ्याएवढ्या नफ्यावर 25 टक्क्यांपर्यंत कर परत द्यावा लागतो. भारतात 24 महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या घराच्या नफ्यावर 23 जुलै 2024 पासून 12.5 टक्के कर आहे, आणि सवलत हवी तर नफा दुसऱ्या घरात किंवा पाच वर्षं अडकणाऱ्या ठरावीक रोख्यांत घालावा लागतो. ब्रिटनमध्ये एप्रिल 2020 पासून घरमालक व्यक्तीला कर्जाच्या व्याजाची वजावट मिळत नाही, त्याऐवजी 20 टक्क्यांच्या हिशेबाने करात सूट मिळते. ज्याला नफा कॉलेजच्या खात्यात भरायचाय त्याच्या हाती यातल्या पुन्हा गुंतवण्याच्या सवलती लागत नाहीत. विकणं टाळण्याचं हेही एक कारण.

मुलाच्या शिष्यवृत्तीवर किंवा आर्थिक साहाय्यावर घराचा परिणाम होऊ शकतो हे लोक विसरतात. अमेरिकेतल्या सरकारी साहाय्याच्या अर्जात राहतं घर मोजत नाहीत, भाड्याने दिलेलं मात्र मोजतात, कर्ज वजा करून. पालकांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त 5.64 टक्के भाग कुटुंबाने स्वतः भरायच्या वाट्यात धरतात, मुलाच्या नावावर असलेल्याचा 20 टक्के. म्हणून ‘घर मुलाच्या नावावरच घेऊ’ हा विचार तिथे थेट अंगलट येतो. इतरत्रही तो फारसा शहाणपणाचा नाही. भारतात हिंदू अल्पवयीनता व पालकत्व कायदा, 1956 प्रमाणे अल्पवयीन मुलाची स्थावर मालमत्ता विकायला किंवा गहाण टाकायला पालकाला आधी न्यायालयाची परवानगी लागते. ऐन गरजेच्या वेळी तेवढा वेळ कोणाकडे असतो? घर आई-वडिलांच्या नावावर, दोघांच्या सहमालकीत ठेवा.

मूल जिथे शिकेल तिथे घर घ्यायचं, त्यात ते राहील आणि बाकीच्या खोल्या त्याच्या सोबतच्या मुलांना भाड्याने द्यायच्या, ही कल्पना आता पुष्कळ ऐकू येते. ऐकायला ती छान आहे. पण चार वर्षांसाठी घर घ्यायचं आणि विकायचं म्हटलं तर घेताना-विकतानाचा खर्चच भाववाढीचा मोठा भाग खाऊन टाकतो. धाकटं भावंडही तिथेच शिकणार असेल, किंवा मूल गेल्यावरही ते घर विद्यार्थ्यांना देत राहायची तयारी असेल, तरच हिशेब जुळतो. आणखी एक. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला आपल्याच मित्रांकडून भाडं मागायचं काम देऊ नका. करार आणि वसुली तुम्ही करा. भाड्यापायी तुटलेल्या मैत्रीचा त्रास त्या वयात अभ्यासावर होतो, आणि अभ्यासासाठीच तर हे सगळं चाललंय.

रिकामा प्लॉट या कामाला घेऊ नका. तो भाडं देत नाही, त्यामुळे त्याचा उपयोग विकूनच होतो, आणि विक्रीचं मी वर सांगितलं. बांधकाम चालू असलेलं घरही टाळा, ताबा लांबला तर व्याज सुरू आणि भाडं बंद अशी स्थिती होते. मूल चौदा-पंधराचं झालं असेल तर या वाटेला जाऊच नका, कर्ज फिटायला वेळच उरलेला नसतो. आणि मालमत्तेत पैसा हवाय पण तुकड्या-तुकड्याने काढता यावा असं वाटत असेल तर शेअर बाजारात नोंदलेले रीट आहेत, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या मालमत्तेत घालणारे आणि त्याचे छोटे हिस्से (युनिट) विकणारे ट्रस्ट. अमेरिकेत ते 1960 च्या कायद्यापासून आहेत, भारतात पहिलं 2019 मध्ये नोंदलं गेलं. दोन्हीकडे त्यांना वाटपयोग्य रकमेचा किंवा उत्पन्नाचा किमान 90 टक्के भाग वाटून टाकावा लागतो. सहामाहीच्या फीपुरते युनिट विकता येतात. भाव मात्र शेअरसारखेच खाली-वर होतात, म्हणून प्रवेशाच्या दोन-तीन वर्षं आधीपासून थोडे थोडे काढून ठेवीत टाकत जा.

कर्ज घेताच, त्याच आठवड्यात, कमावणाऱ्याचा कर्जाएवढा मुदत विमा काढा. शक्य असेल तर दोघांचाही. कमावणारं माणूस गेलं आणि विमा नसला तर घर बँकेकडे जातं आणि मुलाचं शिक्षणही अडकतं. या सगळ्या योजनेत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट हीच आहे. विम्याची रक्कम मिळून कर्ज फिटलं, तर मागे राहिलेल्या जोडीदाराला भाडं त्या महिन्यापासूनच मोकळं मिळतं.

घरावर पुन्हा कर्ज काढून फी भरायची की शैक्षणिक कर्ज घ्यायचं, असं कधीतरी समोर येईल. घरावरच्या कर्जाचा दर बहुधा कमी असतो, पण त्याचा हप्ता लगेच सुरू होतो आणि चुकला तर घर जातं. शैक्षणिक कर्जाची फेड बहुतेक ठिकाणी शिक्षण संपल्यावर सुरू होते. माझा कल असा की थोडी रक्कम शैक्षणिक कर्जाने उचलावी आणि घर मोकळं राहू द्यावं. मोकळं घर पुढे तुमच्याच म्हातारपणाचं भाडं आहे. मुलाकडे नोकरीची चाळीस वर्षं असतात, तुमच्याकडे तेव्हा फार तर दहा-पंधरा.

तुमच्या बाबतीत एक खास गोष्ट आहे. दोन मुलांमध्ये तीन वर्षांचं अंतर आहे. पदवी चार वर्षांची धरली तर मोठ्याचं शेवटचं वर्ष आणि धाकट्याचं पहिलं वर्ष एकच असेल. त्या एका वर्षात दुहेरी फी येईल आणि भाडं मात्र एकाच घराचं असेल. ते वर्ष आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि फक्त त्याच्यासाठी एक वेगळी आवर्ती ठेव सुरू करा, धाकट्याच्या जन्मापासूनच. त्याच्या नावाने नातेवाइकांकडून येणारे पैसे, तुमचा बोनस, पगारवाढीतला पहिल्या वर्षीचा हिस्सा तिथे टाकत जा. बाकीची तीन वर्षं धाकट्याचा बराचसा खर्चही त्याच मोकळ्या भाड्यातून आणि मोकळ्या झालेल्या हप्त्यातून निघेल, आणि तोपर्यंत भाडं आणखी थोडं वाढलेलं असेल.